चार नंबरच्या ग्रीनवर पिवळे डाग, तीन फवारण्या झाल्या, फरक नाही (बडोदा)

हरळी_बडोदा · १७ जुलै, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. बडोद्याबाहेरच्या एका छोट्या, ९ होलच्या गोल्फ कोर्सवरच्या हिरवळीचं काम मार्चपासून माझ्याकडे आहे. शिक्षण शेतीचं, बी.एस्सी. पण गोल्फचं गवत यापूर्वी कधी हाताळलं नव्हतं. हाताखाली सहा माळी, त्यातले दोघे वीस वर्षांपासून इथेच. सगळ्या ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, टिफड्वार्फ जातीची हरळी आहे. आठ ग्रीन ठीक आहेत, चार नंबरच्या ग्रीननं मात्र झोप उडवली आहे.

हे ग्रीन सगळ्यात खोलगट जागी आहे, साधारण ४०० चौरस मीटर. पूर्वेला कडुलिंबाची तीन मोठी झाडं, पलीकडे ओढा, तो पुढे विश्वामित्री नदीला मिळतो. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सलग पाऊस आणि ढगाळ हवा होती. त्यानंतर ग्रीनच्या कडेनं, मशीन शेवटची गोल फेरी मारतं ना, नेमक्या त्या पट्ट्यात पिवळे डाग दिसायला लागले. आधी विताएवढे होते, आता काही ठिकाणी हातभर झालेत आणि एकमेकांत मिसळतायत. गोल नाहीत, वेडेवाकडे आहेत. खालची पानं आधी पिवळी होतात, शेंडा त्या मानानं हिरवा राहतो. आठ-दहा दिवसांत सगळंच विरळ होऊन खालची माती दिसते, तिच्यावर हिरवं शेवाळही धरायला लागलंय. अंदाजे १२० चौरस मीटर गेलंय.

केलेलं सगळं सांगतो, लपवत नाही. २८ जूनला कार्बेन्डाझिम-मॅन्कोझेब या बुरशीनाशकांचं मिश्रण फवारलं. ६ जुलैला प्रोपिकोनॅझोल हे दुसरं बुरशीनाशक, १३ जुलैला पुन्हा प्रोपिकोनॅझोल. आता चांगल्या भागातलं गवतही निळसर, आखडल्यासारखं दिसतंय आणि डाग थांबलेले नाहीत. कापणी ३ मिलिमीटरवर आहे, कारण १५ ऑगस्टला मेंबर लोकांची स्पर्धा आहे आणि ग्रीनचा वेग हवा, म्हणजे चेंडू झरझर घरंगळला पाहिजे, असा निरोप आहे.

कृषी केंद्रवाले रोज नवीन बाटली पुढे करतात. त्यांच्या लेबलांवर भात, द्राक्ष, बटाटा असतो, हिरवळीचं नाव कुठेच नसतं. मी डोस भाताचा धरून काढला. चौथी फवारणी कशाची करू? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

मैदान_इंदूर · १८ जुलै, सकाळी ६.१५

भाऊ, मी इंदूरला क्रिकेटच्या मैदानावर अकरा वर्षं आहे. आमच्याकडे असे डाग येतात तो डॉलर स्पॉट. सकाळी दव असताना वाकून बघा, पानांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसतील. ऊन लागलं की जातात. नायट्रोजन कमी पडला की हा रोग हमखास धरतो. थोडा युरिया द्या, आणि पहाटे दोन जणांनी मैदानाच्या दोन्ही टोकांना उभं राहून लांब दोर ओढत दव झाडून टाका. आमचा निम्मा त्रास या दोरानंच जातो. औषध नंतर.

---

रोगनिदान_आणंद · १८ जुलै, दुपारी १.२०

मी वनस्पतिरोगशास्त्र शिकवते. चौथी फवारणी सध्या करूच नका, एवढी विनंती.

इंदूरच्या दादांनी सांगितलेली लक्षणं डॉलर स्पॉटची अगदी बरोबर आहेत, पण तुमच्या वर्णनाशी ती जुळत नाहीत. तो डाग इतक्या बारीक कापणीत नाण्याएवढा राहतो, फार तर ५ सेंटिमीटर. जुन्या चांदीच्या डॉलरएवढा, त्यावरून तर नाव पडलं. पानावर मध्ये फिकट आणि कडेला तांबूस असा वेगळा चट्टा दिसतो. तुमचे डाग हातभर आहेत आणि पिवळेपणा खालून वर चढतोय. म्हणजे पानाची नाही, मुळाची तक्रार असण्याची शक्यता जास्त.

मुळाच्या दोन गोष्टी अशा हवेत येतात. एक पिथियम. ती खरं तर बुरशी नव्हेच, पाण्यातल्या वेगळ्याच कुळातली आहे, त्यामुळे कार्बेन्डाझिम तिला लागूच पडत नाही. धुतलेलं मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निघून आत दोरा राहिला, मूळ पाणचट आणि मातकट रंगाचं असलं, तर पिथियमचा संशय धरा. दुसरी गाउमॅनोमायसेस नावाची बुरशी. तिच्यात मुळं आखूड, काळपट, ठिसूळ होतात आणि जमिनीलगतचे धावते, म्हणजे आडवे पसरणारे दांडेही कुजतात. बर्म्युडा गवताच्या, म्हणजे हरळीच्या, ग्रीनचा हा ऱ्हास फ्लोरिडात आधी ओळखला गेला, कारण हवा अशीच: रात्री उकाडा, रोज पाऊस, सूर्य नाही.

मुळं धुऊन, पांढऱ्या ताटलीत ठेवून फोटो टाका. नमुना डागाच्या मधोमधून घेऊ नका, तिथं मेलेल्यावर जगणारं सगळंच वाढलेलं असतं. डागाच्या काठावरचा घ्या, अर्धा आजारी, अर्धा निरोगी.

---

कारेलीबाग_काका · १८ जुलै, रात्री ९.०५

तुझ्या वयाचा मुलगा आहे मला, म्हणून अरे-तुरे करतो. एकतीस वर्षं ग्रीन सांभाळले, आता कारेलीबागेत घरी असतो.

ताईंनी सांगितलंय ते कर. त्यासोबत एक काम. कप कापायचं हत्यार असतं ना, होलची जागा बदलायचं, तेच घे आणि डागाच्या काठावर पूर्ण खोल उतरव. गवत-मातीचं नळकांडं बाहेर आलं की धुऊ नको. आधी नाकाशी ने. मग सुरीनं उभं चिरून उन्हात धर आणि वरपासून खालपर्यंत काय दिसतं ते सेंटिमीटरमध्ये लिही. तसंच एक नळकांडं चांगल्या ग्रीनचं काढ, शेजारी ठेव.

आणि पाण्याची परीक्षा घे. पाच लिटरच्या तेलाच्या डब्याचं बूड कापून तो दोन इंच आत ठोक, आत २५ मिलिमीटर पाणी ओत, घड्याळ लाव. दोन्ही ग्रीनवर.

---

हरळी_बडोदा · १९ जुलै, दुपारी ३.३०

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. सकाळी पाऊस उघडला तेव्हा सगळं केलं.

सहा नंबरच्या ग्रीनवर डब्यातलं पाणी ९ मिनिटांत जिरलं. चार नंबरवर तासानंतरही अर्ध्याहून जास्त पाणी तसंच होतं.

नळकांडं काढलं आणि वास घ्यायला वाकावंही लागलं नाही. कुजलेल्या अंड्यासारखा वास. आमच्या जुन्या माळीकाकांनी ते हातात घेतलं, मी चिरलं. वर अडीच सेंटिमीटर वाळू. तिच्याखाली एक राखाडी रेघ, खाकऱ्याएवढी पातळ, पण बोट लावलं तर गुळगुळीत, साबणासारखी. रेघेच्या वर बोटभर वाळू काळीकुट्ट. खालची वाळू परत ठीक. मुळं सगळी रेघेपाशी येऊन आडवी वळलेली, एकही खाली गेलेलं नाही. माळीकाकांनी दोन मुळं चिमटीत धरली, ती तुटलीच. "मूळियां काळां पडी गयां छे," एवढंच म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ताई, साल मोज्यासारखी निघत नाही. मुळं ३ सेंटिमीटरसुद्धा नाहीत, काळपट आहेत आणि कटकन मोडतात. फोटो जोडले आहेत. सहा नंबरची मुळं ११ सेंटिमीटर, पांढरी.

रेघ कसली ते माळीकाकांनीच सांगितलं. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीला पूर आला तेव्हा ओढ्याचं पाणी उलटं फिरलं आणि हे ग्रीन दोन दिवस पाण्याखाली होतं. पाणी ओसरल्यावर गाळ वरवर खरवडला गेला आणि दिवाळीपर्यंत खेळ सुरू करायचा म्हणून त्याच्यावरच वाळू टाकली. त्यानंतर आणखी दोनदा वाळू पडली. मी आलो तेव्हा वरून सगळं हिरवंगार होतं. खाली बघायचं मला सुचलंच नाही, याचं फार वाईट वाटतंय.

---

कारेलीबाग_काका · १९ जुलै, रात्री ८.५०

वाईट वाटून घेऊ नको. चार महिन्यांत तू खाली पाहिलंस. मी हाच गाळाचा थर पहिल्यांदा पाहिला तेव्हा नोकरीला सहा वर्षं झाली होती, आणि तोवर दोन ग्रीन मी औषधांनी धुऊन काढले होते. आता नीट ऐक.

चांगल्या ग्रीनमध्ये वर साधारण ३० सेंटिमीटर वाळू असते आणि खाली खडी. त्या वाळूतून तासाला दीडशे मिलिमीटर पाणी उतरलं पाहिजे. तुझ्या सहा नंबरचा हिशेब काढ, ९ मिनिटांत २५ म्हणजे तासाला १६० च्या वर. उत्तम आहे. चार नंबरवर तीच वाळू आहे, पण मध्ये गाळाचा पापुद्रा आहे. पावसाचं पाणी वाळूतून झरझर येतं आणि पापुद्र्यावर बसून राहतं. वरची अडीच सेंटिमीटर वाळू म्हणजे तळ नसलेल्या कुंडीची उलट गोष्ट झाली, भोक बुजलेली कुंडी. पाणी बसलं की हवा संपली. हवा संपली की गंधकावर जगणारे जिवाणू वाढतात, ते अंड्याचा वास सोडतात आणि वाळू काळी करतात. त्यात मुळं गुदमरतात. आणि ही ताईंची गाउमॅनोमायसेस बुरशी बहुतेक प्रत्येक हरळीत थोडीफार असतेच, ती गुदमरलेल्या मुळावर चढते. बुरशी रोग आणते हे खरं, पण तिला दार कुणी उघडून दिलं ते बघायचं असतं. आपल्याकडून तीन वेळा दाराला औषध लावलं गेलं.

प्रोपिकोनॅझोलचं सांगतो, कारण ते तुझ्या डोळ्यांसमोर झालंय आणि विसरता कामा नये. हे औषध बुरशी मारतं तसं गवताची वाढही आखडतं. कडक उकाड्यात, बारीक कापलेल्या बर्म्युडावर लागोपाठ दोन हात दिले की पान निळसर होतं, वाढ बसते. ज्या गवतानं आत्ता नवी मुळं टाकायला हवीत त्यालाच आपण थोपवलं. तेव्हा आठवडे-दोन आठवडे ते तसंच दिसेल, घाबरू नको.

पहिलं काम उद्या सकाळी, आणि त्याला पैसा लागत नाही. मशीन ३ वरून ५ मिलिमीटरवर घे. टिफड्वार्फ ३ वर कायम ठेवायची जातच नव्हे, ते टिफईगलसारख्या नंतर आलेल्या बुटक्या जातींना झेपतं. पान म्हणजे गवताचं स्वयंपाकघर. ढगाळ हवेत आधीच चूल मंद, त्यात आपण पान कापून घेतलं तर मुळाला जेवण कुठून जाणार? कडेची गोल फेरी एक दिवसाआड मार, जमलं तर दोन दिवसाआड. मशीन त्या पट्ट्यावर रोज एकाच वाटेनं वळतं, म्हणून रोग तिथून सुरू झाला. चार नंबर सगळ्यात शेवटी काप, आणि मशीनची पाती धुऊनच शेडमध्ये ने.

१५ ऑगस्टचं आत्ताच बोलून घे. फेअरवेच्या, म्हणजे ग्रीनकडे येणाऱ्या गवताच्या पट्ट्याच्या, तोंडाशी तात्पुरतं ग्रीन आखून द्या. मेंबर कुरकुरतील. त्यांना हे चिरलेलं नळकांडं दाखव आणि वास घेऊ दे, मग बोलणं सोपं जातं. मी नेहमी हेच केलं.

आता छिद्रं. ओल्या, आजारी गवतावर मोठं मशीन चालवू नको. आधी साध्या भरीव सळयांनी भोसक, म्हणजे हवा तरी जाईल. पाऊस चार दिवस उघडला की पोकळ सळईनं आतला मातीचा गाभा काढायचा, ७ ते ८ सेंटिमीटर खोल, पापुद्रा पार भेदून. गाभा बाहेर यायलाच हवा. नुसत्या भरीव सळईनं गाळ बाजूला दाबला जातो, निघत नाही. त्या छिद्रांत कोरडी वाळू भर. कोरडी म्हणजे हातातून घरंगळली पाहिजे. प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला खाली जायचा जिना. वाळू ओरसंग नदीची चालेल, पण चाळून घे, जाड रेवा आणि धूळ दोन्ही नको. निम्म्याहून बरीच जास्त वाळू पाव ते एक मिलिमीटरमधली असावी. वाळू विकणारा ग्रीनचा म्हणून जो माल दाखवेल तो बरणीत पाणी घालून हलवून बघ. पाणी गढूळ राहिलं तर परत पाठव.

खताचं जपून. या रोगावर अमोनियम सल्फेट चांगलं, कारण ते मुळाजवळ आम्लता आणतं आणि या बुरशीला ती मानवत नाही. आपल्या बोअरच्या पाण्यानं माती उलट बाजूला गेलेली असते. पण त्यात गंधक असतं, आणि अंड्याचा वास आहे तोवर गंधकाचं काहीही टाकायचं नाही, त्या जिवाणूंना ते खाद्यच आहे. तोवर पोटॅशियम नायट्रेट, १३-०-४५, अगदी पातळ, पानावर. वास गेल्यावर अमोनियम सल्फेट आठवड्याला चौरस मीटरला ५ ग्रॅम, म्हणजे नायट्रोजन १ ग्रॅम. तुझ्या ग्रीनला २ किलो. ते दोन हप्त्यांत, विरघळवून, आणि लगेच वरून पाणी, नाहीतर पान जळेल. तेवढंच पोटॅश जोडीला. चुना अजिबात नको, कुणीही कितीही सांगितलं तरी.

कडुलिंब तोडू नको. पूर्वेकडच्या खालच्या फांद्या उतरव. सकाळचं ऊन साडेदहाऐवजी आठला आलं तर गवताला रोज अडीच तास जास्त मिळतात.

---

रोगनिदान_आणंद · २२ जुलै, सकाळी ११.००

नमुना मिळाला, तुमच्या माणसाबरोबर पाठवलात तो. धुतलेल्या मुळांवर गडद तपकिरी, मुळाच्या लांबीनं धावणारे जाड धागे आहेत, आणि धाग्यांना चिकटलेल्या, काठ खाचलेल्या चकत्या दिसल्या. बुरशी त्यातून मुळात शिरते. गाउमॅनोमायसेसची हीच खूण. पिथियमचे बीजाणू मला दिसले नाहीत.

औषधाबद्दल. या रोगात औषध मुळात प्रतिबंधाचं आहे, मेलेलं मूळ कोणतंही औषध परत आणत नाही. छिद्रं पाडून झाल्यावर अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक एकदा द्या आणि ते पानावर वाळू देऊ नका. लगेच ३ मिलिमीटर पाणी द्या, तुमच्या ४०० चौरस मीटरला ते १,२०० लिटर होतं, म्हणजे औषध मुळापर्यंत उतरेल. मात्र पाणी जिरत नसेल त्या दिवशी देऊ नका, ते वाहून ओढ्यात जाईल. तिथून विश्वामित्री. मगरी, मासे, सगळं आहे तिथं. पुढच्या वर्षी पावसाच्या आधी, मे अखेरीस एक हात द्या, आणि दरवेळी एकाच गटाचं औषध नको. डॉलर स्पॉटनं कार्बेन्डाझिमच्या गटाला दाद न देणं अमेरिकेत १९७० च्या दशकातच सुरू केलं होतं.

फवारणाऱ्या माणसाला हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट द्या. फोटोत तुमचा माळी तोंडाला नुसता रुमाल बांधून उभा आहे, ते पाहून काळजी वाटली. आणि फवारणीनंतर त्या ग्रीनवर त्या दिवशी खेळ नको. खेळणारे टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, तोंडात धरतात, चेंडू हातानं पुसतात.

---

मैदान_इंदूर · २२ जुलै, रात्री ९.४०

ताई बरोबर बोलल्या, मी पान बघून बोललो, मूळ विचारलं नाही. आज आमच्या मैदानाच्या ज्या कोपऱ्यात दरवर्षी पिवळं पडतं तिथं मीसुद्धा नळकांडं काढलं. आमच्याकडे खाली काळी माती आहे, तिचा थर वर आलाय. कळवतो. हरळी भाऊ, दोराचं मात्र लक्षात ठेवा, दव पडायला लागलं की उपयोग होईल.

---

हरळी_बडोदा · २५ ऑगस्ट, रात्री ११.१५

सगळ्यांना उशिरा कळवतोय, माफ करा.

पोकळ सळईचं मशीन आमच्याकडे नाही. मकरपुरा जीआयडीसीतल्या एका वेल्डरकडून १२ मिलिमीटरच्या स्टीलच्या नळ्यांचा चार दातांचा फावडा बनवून घेतला, पाय देऊन दाबायचा. पहिल्या दिवशी नळ्यांत गाभा अडकून बसायचा. माळीकाकांनी नळीच्या वरच्या बाजूला तिरपी खिडकी कापायला लावली, मग मागचा गाभा पुढच्यानं आपोआप बाहेर पडायला लागला. बिघडलेल्या १२० चौरस मीटरवर दहा-दहा सेंटिमीटरवर छिद्रं घेतली, म्हणजे बारा हजार. फावडा तीन हजार वेळा दाबायचा. चौघांनी आळीपाळीनं दोन दिवसांत केलं, त्यात मीही होतो. बाहेर पडलेल्या प्रत्येक गाभ्यावर ती राखाडी रेघ दिसत होती. ते सगळे गाभे गोळा करून लांब नेऊन टाकले.

वाळू पंपघरात ताडपत्रीवर पसरून पंखा लावून वाळवली. छिद्रांत दीडशे किलोच्या आसपास गेली. झाडूनं ढकलत ढकलत भरली.

चौथ्या दिवशी पुन्हा नळकांडं काढलं, वास अर्ध्यावर आला होता. बाराव्या दिवशी गेला. तेव्हापासून काकांच्या हिशेबानं अमोनियम सल्फेट आणि पोटॅश चालू आहे. अझॉक्सिस्ट्रोबिन एकदाच दिलं, उघडीप पाहून, टँकरनं मोजून पाणी देऊन. काल डब्याची परीक्षा परत घेतली: २५ मिलिमीटर पाणी २१ मिनिटांत. सहा नंबरइतकं नाही, पण महिन्यापूर्वी तासभर बसून होतं. मुळं काल मोजली, ५ सेंटिमीटर, पांढरी, आणि छिद्रांतल्या वाळूतून सरळ खाली उतरलेली. पांढरं मूळ बघून एवढा आनंद होईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

सगळं भरलेलं नाही, तेही सांगतो. कडेला, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) बाजूला, वीतभर रुंदीचा पट्टा अजून उघडा आहे. तिथं नर्सरीतल्या गवताच्या चकत्या लावल्यात. १५ ऑगस्टची स्पर्धा तात्पुरत्या ग्रीनवर झाली. काकांनी सांगितल्याप्रमाणे नळकांडं टेबलावर ठेवलं होतं. दोन-तीन मेंबरांनी वास घेतला, नंतर कुणी वेगाचं विचारलं नाही.

आता एक वेगळीच गोष्ट, आणि माझ्या मते या धाग्यावरच्या प्रत्येकानं ती आपल्या मैदानावर बघावी. परवा संध्याकाळी चार नंबरच्या कडेला दोन काकू वाकून काहीतरी खुडताना दिसल्या. जवळच्या सोसायटीतल्या, आपल्याच मराठी. चतुर्थी आली म्हणून दूर्वा. तात्पुरतं ग्रीन झाल्यापासून तिथं कुणी खेळत नाही, गवत थोडं वाढलंय, त्यांना वाटलं मोकळी जागा आहे. पिशवीत तीन-चार जुड्या होत्या. माझ्या पोटात गोळा आला. जिथं जूनपासून चार वेळा औषध पडलंय तिथल्या दूर्वा घरी जाणार, देवापुढे, मग निर्माल्यात, मुलांच्या हातात. मी त्यांना समजावून सांगितलं. एक काकू रागावल्या, म्हणाल्या हरळीसुद्धा विकत घ्यायची का आता. माळीकाका म्हणाले, "बेन, आ धरो भगवानने न चढावाय, दवा मारेली छे." (धरो म्हणजे दूर्वा.) मग त्यांनी पिशवी तिथंच रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी साहेबांशी बोलून फाटकाशेजारची तीन मीटर बाय चार मीटरची जागा मोकळी करून घेतली. तिथली हरळी गावठी आहे, टिफड्वार्फ नाही, औषध कधीही पडलेलं नाही, पाणीही वेगळ्या नळाचं. महिनाभर कापली नव्हती म्हणून तीन पानांच्या, पाच पानांच्या दूर्वा चांगल्या आल्यात. बाकी सगळ्या ग्रीनभोवती दोरी बांधली आणि मराठी, गुजराती दोन्ही भाषांत पाट्या लावल्या: औषध फवारलेलं आहे, दूर्वा तोडू नका.

उद्या हरतालिका. सकाळी सहा ते आठ फाटक उघडं ठेवणार आहोत, माळीकाका स्वतः उभे राहणार आहेत. बडोद्यातलं कुणी हे वाचत असेल आणि जवळ राहत असेल तर मला खाजगी निरोप करा, पत्ता पाठवतो. काका, तुमच्यासाठी एकवीस जुड्या बाजूला काढून ठेवल्यात, सकाळी कारेलीबागेत आणून देतो.